वायरलेसचा शेजारधर्म

ज्या वस्तूला वायरलेस म्हणतात तिला एकूण किती वायरी असतात, हे दुकानदार आधी सांगत नाही. एक वायर केबलवाल्याची, बाल्कनीतून आत येणारी. एक अडॅप्टरची, जी भिंतीतल्या सॉकेटपर्यंत कधीच पुरत नाही. ती पुरत नाही म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड, आणि त्या बोर्डाची वायर तर घरातल्या बाकीच्या वायरींत गुंतण्यासाठीच जन्माला आलेली असते. हे सगळं मांडून झाल्यावर माझी आई, गयाबाई, आतल्या खोलीतल्या पलंगावरून म्हणाली, "बिनवायरचा आननार व्हतास ना रे?" मी म्हणालो, "हे तेच आहे, आई." त्यावर ती कूस बदलून भिंतीकडे बघत पडली.

हे दोन हजार नऊ सालचं. आमचा मुलगा राजरत्न जर्मनीत नोकरीला होता आणि त्याला नुकताच मुलगा झाला होता. बाळाचं बारसं तिकडेच करायचं ठरलं. आता बारसं म्हटलं की बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या लागते, आणि बाळाची एकुलती एक आत्या म्हणजे आमची अस्मिता, ती तर इथे बदलापूरला, कात्रपमध्ये. तेव्हा असं ठरलं की रविवारी दुपारी आम्ही कॉम्प्युटरवरून व्हिडिओ कॉल करायचा, तिकडे लॅपटॉप बाळाच्या कानाशी धरायचा आणि अस्मिताने इथून नाव सांगायचं. तिकडे एक हॉल मिळाला होता, पण तो ठरावीक वेळेपुरताच. नाव काय ठेवायचं ते अस्मिताने आम्हाला कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण आत्याचा तेवढा मान असतो.

आईची अट मात्र वेगळी होती. राजरत्नने बाळाचे फोटो पाठवले होते. अस्मिताने ते मोठे करून आणले, आईने चष्मा लावून बघितले आणि परत दिले. "फोटू नको मला," ती म्हणाली. "फोटू काय, मेलेल्यांचे पन असतात. मला माजा पनतू हलताना बघायचाय." तिचे गुडघे गेलेले, पलंगावरून बाहेर हॉलमध्ये येणं म्हणजे तिच्यासाठी मोठा प्रवास. कॉम्प्युटर हॉलमध्ये. त्याची वायर लांबवून आतल्या खोलीपर्यंत नेली, तर माझी पत्नी यशोधरा वरणाच्या पातेल्यासकट तिच्यावरून पडता पडता वाचली. अशा रीतीने वायरलेस आमच्या घरात शिरलं. त्या उत्साहात मी जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याला देऊनही टाकला. राजरत्नने मागच्या खेपेला आणलेला लॅपटॉप होताच.

राउटर मी उल्हासनगरच्या बाजारातून आणला. अंबरनाथच्या एका कंपनीत मी क्वालिटी कंट्रोलला आहे. वस्तूतली खोट हेरणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे मी दुकानदाराला पुष्कळ प्रश्न विचारले. लच्छूशेठनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "साईं, तुम्ही घरी नेऊन लावा. सिग्नल असा येणार की खाली रिक्षावाल्यालापण मिळणार." तेव्हा मला ही जाहिरात वाटली. ती धोक्याची सूचना होती हे मला फार उशिरा कळलं.

पहिल्या दिवशी सिग्नलच्या सगळ्या काड्या उभ्या राहिल्या. मी सगळ्यांना बोलावून त्या दाखवल्या. दाखवत असतानाच एक पडली, मग दुसरी पडली, आणि आईच्या खोलीत लॅपटॉप नेईपर्यंत एकच उरली, तीही आजारी माणसाने हात वर करावा तशी. मग सुरू झाला राउटरचा घरभर फिरण्याचा कार्यक्रम. टीव्हीवर ठेवला, कपाटावर ठेवला, खिडकीत ठेवला. स्वयंपाकघरातल्या फळीवर, डाळीच्या डब्यांच्या मागे ठेवला तेव्हा आईच्या खोलीत उत्तम सिग्नल आला, पण यशोधराने कुकरची शिट्टी होताच तो गेला. शिट्टीचा आणि सिग्नलचा संबंध नाही असं मी तिला सांगितलं. तिने दुसरा कुकर लावला आणि सिग्नल पुन्हा गेला.

बिल्डिंगमध्ये बातमी पसरायला वेळ लागत नाही. वरच्या मजल्यावरचे आण्णा धावून आले. आण्णांनी उभी हयात गच्चीवर अँटेना फिरवण्यात घालवली होती आणि केबल आल्यापासून त्यांच्या आयुष्यात पोकळी निर्माण झाली होती. त्यांनी राउटरची शेंडी धरून ती हलक्या हाताने फिरवली आणि आतल्या खोलीच्या दिशेने हाक मारली, "आलं का?" अस्मिता आतून म्हणाली, "गेलं." आण्णांचा चेहरा उजळला. असा चेहरा मी त्यांचा कित्येक वर्षांत बघितला नव्हता. त्यानंतर त्यांनी आमची स्टीलची मोठी परात मागवली, राउटरच्या मागे उभी केली आणि सांगितलं की सिग्नल भिंतीत वाया जात होता, आता परातीवर आपटून आत जाईल. तो खरंच आत जायला लागला. मात्र भाकरी थापायच्या वेळी यशोधरा परात घेऊन जायची आणि तेवढा वेळ आमचा जगाशी संबंध तुटायचा.

इतपत ठीक होतं. पण तिसऱ्या मजल्यावर, आमच्या बरोबर डोक्यावर, हेमचंद्र राहतात. एका मोठ्या कारखान्यात अधिकारी, एकटे, इस्त्रीचा शर्ट घालून दूध आणायला जाणारे. त्यांच्याकडे आमच्या आधीपासून वायरलेस होतं. ते चहाला आले, परातीकडे एकवार बघितलं आणि मग विचारलं, "कासारे, सिक्युरिटी काय ठेवलीय?"

मी म्हणालो, "खाली वॉचमन आहे."

त्यांनी डोळे मिटले. मग मला समजावून सांगितलं की पासवर्ड नसलेलं नेट म्हणजे सताड उघडं दार. रस्त्यावरचा कोणीही तुमच्या नेटवरून कोणालाही धमकीची मेल पाठवेल, आणि पोलीस येतील ते तुमच्या दारात. पेपरात तसलं काहीबाही येतच होतं. "आणि पासवर्ड टाकाल तेव्हा बायकोचं नाव टाकू नका," हेमचंद्र म्हणाले. "चोर पहिल्यांदा तेच टाकून बघतो. पासवर्ड कुठे लिहून ठेवायचा नाही आणि त्याला अक्कल लावायची. ते सगळ्यांना जमत नाही."

ते गेल्यावर मी बायकोचं नाव टाकलं. मला वाटलं, इतका सावध माणूस ज्याला नको म्हणतो ते चोर तरी कशाला टाकेल. तरी जीव स्वस्थ बसेना. पोलिसांनी नंतर येण्यापेक्षा आपणच आधी गेलेलं बरं, म्हणून मी दुसऱ्या दिवशी चौकीवर गेलो.

हवालदार चपाती-भाजी खात होते. मी म्हणालो, "उद्या माझ्या घरच्या नेटवरून कोणी काही गुन्हा केला तर तो मी नसेन, अशी आगाऊ नोंद करायची आहे."

"गुन्हा अजून व्हायचाय?"

"हो."

"आणि तो तुम्ही करणार नाही."

"नाही."

"असं बघा साहेब," ते घास गिळून म्हणाले, "गुन्हा न करणारी माणसं बदलापुरात लय आहेत. त्या सगळ्यांची नोंद करत बसलो तर करणाऱ्यांची कधी करू?"

मी म्हणालो, मग निदान सिग्नलची चोरी होतेय असा संशय तरी लिहून घ्या. त्यांनी विचारलं की सिग्नल आता घरात आहे का. मी म्हणालो, आहे. "म्हणजे मुद्देमाल जागेवर आहे. मग गेलं काय?" त्यांनी मला एक चपाती देऊ केली आणि मी शक्य तेवढ्या ताठ मानेने घरी आलो.

संशय मात्र खरा होता. लॅपटॉप बंद असताना राउटरचा हिरवा दिवा लुकलुकायचा. संध्याकाळी तर तो नुसता नाचायचा, आणि नेमकं तेव्हाच राजरत्नला कॉल लावला की त्याचं तोंड उघडं राहायचं आणि आवाज पुढच्या वाक्यात यायचा. बाळ तर तुकड्या-तुकड्यांनीच दिसायचं, कधी कान, कधी मूठ. आई चष्मा पुसायची आणि पुन्हा बघायची. "हेचं तोंड कुटं गेलं?" ती विचारायची. बारसंही असंच झालं तर काय? मी पासवर्ड बदलला. दिवा एखादा दिवस शांत बसला आणि पुन्हा नाचायला लागला. पुन्हा बदलला, या वेळी माझा कंपनीतला टोकन नंबर उलटा करून. पुन्हा तेच. हेमचंद्र म्हणाले, "हा साधा चोर नाही, कासारे. तुमच्या डोक्यात काय चाललंय ते त्याला कळतंय." त्या दिवसापासून मी पासवर्डचा विचार करणंही टाळायला लागलो.

शनिवारी, बारशाच्या आदल्या दिवशी, मी भाजी घेऊन जिना चढत होतो. आण्णांचे जावई चिखलोलीहून मुलांना घेऊन चार दिवस राहायला आले होते, ते उतरत होते. मला बघून आदराने थांबले. "काका, एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "तुमचं नेट परवापासून जरा स्लो आहे. बघा ना जरा. मुलांची गाणी अर्धवट राहतात."

मी म्हणालो, "माझं नेट तुमच्याकडे कसं?"

"पासवर्ड टाकून," ते म्हणाले. त्यांना माझा प्रश्न विचित्र वाटला असावा.

"पासवर्ड कोणी दिला?"

"माईंनी."

माई म्हणजे आमच्या शेजारच्या, भिंतीला भिंत लागून. एकट्याच असतात. आमच्या मजल्यावरची आणि वरच्याही बऱ्याच घरांची चावी दिवसभर त्यांच्याकडे असते. सगळी माणसं सकाळी कामाला बाहेर पडतात, कोण आधी परत येईल याचा भरवसा नसतो, तेव्हा कुलूप लावायचं आणि चावी माईंकडे ठेवायची, ही इथली रीत. तशी आमचीही असते. यशोधराला विचारलं तर ती कणीक मळता मळता म्हणाली, "हो, मीच दिला. प्रत्येक वेळी बदललात तेव्हा नवीन नेऊन दिला. मी शाळेत, तुम्ही कंपनीत, अस्मिता क्लासला. राजूचा फोन आला आणि नेट बंद पडलं, तर आईंनी काय करायचं? कोणाकडे तरी एक असायला नको?"

हिच्या बोलण्यात खोट काढायचा मी प्रयत्न केला. कंपनीत मी दिवसाला शंभर वस्तूंतली खोट काढतो, इथे एक सापडेना. मग मी तोच राग घेऊन माईंच्या दारात गेलो.

माईंना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. पण त्यांना माझे सगळे पासवर्ड, रद्द झालेल्यांसकट, स्तोत्रासारखे पाठ होते. "मोठा वाय, धाकटा ए," अशी त्यांनी सुरुवातच केली. त्या म्हणाल्या, आण्णांनी मागितला, त्यांच्या सुनेने मागितला, सगळी घरचीच माणसं, नाही कशाला म्हणायचं. मी म्हणालो, "माई, हे नेट आहे, पाणपोई नाही."

"अरे, राजूच्या नोकरीचा फोन माझ्या घरी आला होता, महेंद्र," माई म्हणाल्या. "तुमच्याकडे फोन नव्हता तेव्हा सगळ्या बिल्डिंगने माझाच नंबर दिला होता. मी कधी म्हटलं का कोणाला, की हा माझा फोन आहे?"

"तो काळ वेगळा होता," मी म्हणालो, आणि आणखीही काही म्हणालो. ते इथे सांगत नाही. माई "बरं" म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. माईंचं दार दिवसा लागलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

रविवारी सकाळी उठून मी शेवटचा पासवर्ड बनवला. हेमचंद्रांनी सांगितलं होतं तशी त्याला अक्कल लावली. अक्षरं, आकडे, चिन्हं, सगळं असं कालवलं की खुद्द मलाही तो ओळखीचा वाटू नये. दोनदा बरोबर टाइप केला. लिहून ठेवला नाही. यशोधराला सांगितला नाही. तेवढ्यात तिने चहाला हाक मारली, चहाबरोबर पोहे होते, पोह्यांवर ओलं खोबरं होतं. परत येऊन बसलो तर लॅपटॉप पासवर्ड विचारत होता आणि मला फक्त खोबरं आठवत होतं.

दुपारपर्यंत मी हजार तऱ्हा करून बघितल्या. शेवटी अस्मिता म्हणाली, "पप्पा, मागे एक छोटं भोक आहे, त्यात पिन टोचली की सगळं पुसलं जातं." मी टोचली. सगळं पुसलं गेलं, केबलवाल्या मधुने भरलेली माहितीसुद्धा. वायर काढून थेट लॅपटॉपला लावली, तर तिथेही मधुचं युजरनेम, आणि ते मधुलाच माहीत. मधुला फोन लावला. पलीकडे बँजो वाजत होता. "साहेब, खरवईला हळदीत आहे," तो ओरडला. "काहीच ऐकू येत नाही. उद्या सकाळी येतो."

आईने सकाळीच अंघोळ करून पांढरी साडी नेसली होती. अस्मिता बारशाच्या थाटात, केसांत गजरा. घुगऱ्या शिजल्या होत्या, पेढे आले होते. "फोनवरून सांगू का नाव?" अस्मिताने हळू आवाजात विचारलं. आईने ते ऐकलं. "मग मी काय फोनच्या डब्याकडं बघत बसू?" ती म्हणाली, आणि पदर नीट करून पुन्हा लॅपटॉपच्या काळ्या पडद्याकडे बघायला लागली. तिला वाटत होतं की तो आता लागेल. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी उठलो आणि माईंची बेल दाबली. लाज वाटत होती, पण दाबली. माईंनी दार उघडलं. त्या घडीचं लुगडं नेसून तयार होत्या, बारशाचं बोलावणं येईल म्हणून. मी झालेलं सगळं सांगितलं आणि म्हणालो, "माई, माझं चुकलं. हेमचंद्रांच्या दाराला कुलूप आहे. आणखी कोणाचं नेट आहे का या बिल्डिंगमध्ये?"

"हेमचंद्रचंच लाव ना. तो कल्याणला बहिणीकडे गेलाय. चावी माझ्याकडे आहे."

"चावी असून काय उपयोग? त्यांचा पासवर्ड लागेल."

"तोही ठेवलाय त्याने माझ्याकडे," माई म्हणाल्या. "मी कुणाला देत नाही, तो बजावून गेलाय. पण आज घरात कार्य आहे."

हेमचंद्रांचा मोबाईल लागेना. माई म्हणाल्या, त्याला काय सांगायचं ते मी सांगेन, आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन त्या वर चढल्या. थोड्या वेळाने वरून त्यांचा आवाज आला की डबीवरचा दिवा लागलाय. मी लॅपटॉप घेऊन घरभर फिरलो. हॉलमध्ये काही नाही, आईच्या खोलीत काही नाही. दाराबाहेर एक काडी. जिना चढायला लागलो तसतशा काड्या वाढल्या आणि दोन मजल्यांच्या मधल्या चौकात त्या सगळ्या उभ्या राहिल्या. आवाज ऐकून आण्णा आणि त्यांची सगळी मंडळी बाहेर आली होती. जिना माणसांनी भरला होता. मी खालून विचारलं, "पासवर्ड?"

माई कठड्यावरून वाकून स्पष्ट म्हणाल्या, "हेमचंद्र, एक, दोन, तीन."

आण्णांनी तोंडावर पंचा धरला. मी अक्कल लावून तो टाइप केला आणि नेट लागलं.

आईला खुर्चीसकट उचलून वर आणलं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आण्णांचे जावई, ज्यांच्याकडे काल मी चोर म्हणून बघितलं होतं. "नीट धर रे, लोंबकळत ठेवायला पारशाचं झुंबर न्हाय मी," ती म्हणाली, पण दोन्ही हातांनी तिने माझी मान घट्ट धरली होती. लॅपटॉप वरच्या पायरीवर ठेवला, आईची खुर्ची समोर. आण्णांनी विचारून घेतलं की परात हवी का. मग कॉल लागला, आणि राजरत्न दिसला, सगळाच्या सगळा दिसला. मागे फुगे, माणसं, सूनबाई, आणि तिच्या हातात पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलेलं ते.

आईने त्रिशरण म्हटलं. तिकडून राजरत्नने म्हटलं, थोडं मागून, आणि जिन्यात ज्यांना येत होतं त्यांनी म्हटलं, येत नव्हतं ते हात जोडून उभे राहिले. बाळाने जांभई दिली. पाय झाडला. मूठ तोंडात घातली, काढली, पुन्हा घातली. आई पुढे पुढे वाकत होती. सूनबाईने लॅपटॉप बाळाच्या कानाशी नेला, पडदाभर एक इवलासा कान आला, आणि अस्मिता तोंड अगदी जवळ नेऊन "कुर्रर्र" म्हणाली. बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली. पहिला धपाटा यशोधराचा, दुसरा माईंचा, आणि तो बराच जोरात होता. "सुमेध," अस्मिता म्हणाली. "बाळाचं नाव सुमेध."

तिकडे टाळ्या वाजल्या. राजरत्न मोठ्याने म्हणाला, "सुमेध," म्हणजे पोचलं होतं. जिन्यातल्या सगळ्यांनी ते नाव एकदम घेतलं. आवाज चार मजले वर गेला आणि खाली आला. बाळ दचकलं. सूनबाईने लॅपटॉप मागे घेतला तशी त्याने मान वळवली आणि डोळे पूर्ण उघडून सरळ समोर बघितलं.

आई हसत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं तिला भान नव्हतं. आण्णा पेढे वाटत होते, माई अस्मिताची पाठ चोळत होत्या. मी लॅपटॉपकडे बघितलं. सिग्नल गेला होता. सगळ्या काड्या पडल्या होत्या, आवाज बंद झाला होता, मागचे फुगे हवेत जागच्या जागी थांबले होते.

"बघ रे, म्हेंद्रा," आई कुजबुजली, "कसा टक लावून बघतोय माज्याकडं. पापनी पन लववत न्हाय."

अस्मिता पुन्हा कॉल लावायला पुढे झाली. मी तिचा हात धरला.

"हो आई," मी म्हणालो. "तुझ्याकडेच बघतोय."